घरीच आहे

"चोरानं माझं मंगळसूत्र नेलं, पण कपाटातल्या बांगड्यांना हातसुद्धा लावला नाही," नीना म्हणाली. "असा कुठला चोर असतो?"

देवयानीचं ऑफिस लंडनमध्ये, एजवेअर स्टेशनजवळ, एका किराणा दुकानाच्या वर होतं. विमा कंपनीत खोटे क्लेम शोधण्यात वीस वर्षं घालवून ती आता स्वतःचे तपास करत असे. खिडकीपाशी जयंतकाका बसले होते. ते तिच्या वडिलांचे मित्र, रिटायर्ड डेंटिस्ट. पत्नी गेल्यापासून घर त्यांना खायला उठे, म्हणून ते देवयानीची गाडी चालवत. तपासातही आपला हातभार लागतो, असा त्यांचा समज होता.

"दार फोडलं होतं?" देवयानीनं विचारलं.

"नाही. पोलिसांनी तक्रारीचा रेफरन्स नंबर दिला आणि गेले."

"किल्ल्या कोणाकडे असतात?"

"माझ्याकडे, सुश्रुतकडे आणि आशाताईंकडे. माझी नणंद, आमच्यासारखीच ब्रिस्टलमध्ये राहते." नीना उठली, खिडकीपर्यंत गेली आणि परत येऊन बसली. आल्यापासून ती एका जागी टिकत नव्हती. "शुक्रवारी सुश्रुत घरी येतोय. त्याआधी ते सापडायला हवं."

सुश्रुत खाणीत इंजिनिअर होता. स्कॉटलंडच्या उत्तर भागात, रस्ता संपतो तिथून पुढे डोंगरात एक सोन्याची खाण नव्यानं सुरू झाली होती. तीन आठवडे तिकडच्या कॅम्पवर, एक आठवडा घरी, असं दीड वर्ष चाललं होतं.

"मंगळसूत्र होतं कुठे?"

"बाथरूममध्ये. साबणाच्या बशीत."

"गळ्यात का नव्हतं?"

नीनानं जयंतकाकांकडे पाहिलं. काकांनी शहाण्यासारखं वर्तमानपत्र उघडलं.

"शनिवारी संध्याकाळी अंशुमनबरोबर जेवायला गेले होते. ऑफिसमधला मित्र. निघताना काढून ठेवलं." ती थांबली. "का काढलं ते माझं मलाच अजून कळत नाहीये. तुम्हाला काय सांगू? दिवसभर लॅपटॉपवर काम करायचं आणि संध्याकाळी भिंतींकडे बघायचं. आमच्या पॅसेजमधल्या स्मोक अलार्मची बॅटरी संपत आलीये, गेला महिनाभर तो मधूनच टिटवीसारखा ओरडतो. खुर्चीवर चढूनही माझा हात पोचत नाही. शनिवारी बूट घालत होते तेव्हाही ओरडला. पण घरात दुसरं कुणी आवाज करणारं नसलं की तेवढीही सोबत वाटते."

"अंशुमन घरात आला होता?"

"नाही. गाडीतच थांबला होता. परत सोडलं तेही दारापाशीच."

"मधे सुश्रुतचा फोन?"

नीनाचा चेहरा उतरला. "आला होता. मी रेस्टॉरंटच्या बाहेर जाऊन घेतला. म्हणाला, आत्ताच खाणीतून वर आलो, तू काय करतेस? मी म्हटलं, घरीच आहे, जेवण गरम करतेय."

"मग?"

"मग काही नाही. बरं म्हणाला. एरवी कॅम्पच्या वायफायवरून व्हिडिओ कॉल करतो, त्यात सगळं तुटक ऐकू येतं, दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतो. डोंगरात मोबाईलला रेंजच नाही. त्या दिवशी साधा फोन होता आणि आवाज इतका स्वच्छ, की मला खोटं बोलताना जास्तच लाज वाटली."

शुक्रवारी सकाळी काकांनी गाडी ब्रिस्टलच्या दिशेनं काढली. नीनाचं घर चढावरच्या रांगेतलं, अरुंद होतं. आत शिरताच देवयानी पॅसेजमध्ये थांबली ती थांबलीच. फ्रिजची घरघर सोडली तर घरात कसलाच आवाज नव्हता. काकांना वाटलं, ती आता काहीतरी विचारेल.  तिनं फक्त उंच छताकडे बघितलं आणि जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची पॅसेजच्या भिंतीला टेकून का आहे, एवढं नीनाला विचारलं.

"माझ्या लक्षातच आलं नाही," नीना म्हणाली. "पोलिसांनी हलवली असेल."

आशाताई स्वयंपाकघरात होत्या. ठेंगण्या, बोलायला फटकळ. त्यांनी चहा केला, पण ट्रे काकांना उचलायला लावला. "खांदा धरलाय हो. चार महिने झाले, साधा केसांना चिमटा लावता येत नाही."

"शनिवारी कुठे होतात?" देवयानीनं विचारलं.

"माझ्या घरी, एकटीच. साक्षीदार नाही." त्यांनी कप आपटून ठेवला. "मला त्या अंशुमनचं माहीत आहे. भावाला सांगणार होते, पण म्हटलं, पोरगी एकटी असते. मंगळसूत्र काय साबणाच्या बशीत टाकायची वस्तू आहे का?"

बाहेर आल्यावर काका कुजबुजले, "बशीचं हिला कसं कळलं? किल्ली आहे, रागही आहे."

"कळलं कारण नीनाबरोबर घर शोधायला त्याच आल्या होत्या. मी विचारलं नीनाला," देवयानी म्हणाली.

अंशुमन ऑफिसजवळच्या कॅफेत भेटला. उंच, देखणा आणि अस्वस्थ. "मला ती आवडते, ते मी नाकारत नाही," तो म्हणाला. "पण किल्ली माझ्याकडे नाही, आणि संध्याकाळभर मी तिच्यासमोर होतो. त्या जेवणात ती तीन वेळा सुश्रुतबद्दल बोलली. फोन आल्यावर तर तिला घासही गेला नाही. मंगळसूत्र चोरून मला काय मिळणार होतं?"

काका गोंधळले. "मग उरलं कोण?"

"संध्याकाळी कळेल," देवयानी म्हणाली.

संध्याकाळी सुश्रुत आला. खांद्यावर बॅग, वाढलेली दाढी. घरात दोन अनोळखी माणसं बघून त्याला नवल वाटलं नाही, हे मात्र काकांच्या लक्षात आलं. आशाताई कोपऱ्यात बसल्या होत्या. नीना उभीच होती.

"नीनाचं मंगळसूत्र शनिवारी नाहीसं झालं," देवयानी सुरुवात करत म्हणाली. "बांगड्या राहिल्या. म्हणजे नेणाऱ्याला सोनं नको होतं. दार फोडलं नाही, म्हणजे त्याच्याकडे किल्ली होती. अंशुमनकडे ती नाही, आणि तो नीनासमोर होता. उरले दोघं, आशाताई आणि तुम्ही."

"मी खाणीत होतो," सुश्रुत म्हणाला.

"त्याकडे येते. नीना, घर ऐक जरा."

सगळे गप्प झाले. फ्रिज घरघरत होता. नीनाचा चेहरा हळूहळू बदलला.

"अलार्म," ती म्हणाली. "ओरडत नाहीये."

"महिनाभर ओरडत होता. शनिवारी तू बूट घालत होतीस तेव्हाही. परत आल्यावर रिकामी बशी दिसली आणि बाकीचं तुझ्या ध्यानात आलं नाही. तू नसताना कुणीतरी जेवणाच्या टेबलाची खुर्ची पॅसेजमध्ये नेली, तिच्यावर उभं राहून नवी बॅटरी घातली. आशाताईंचा हात केसांपर्यंत जात नाही, तो छतापर्यंत कसा जाईल? आणि चोरी करायला आलेला माणूस कुणाच्या घरातली बॅटरी बदलत नाही. ते काम घरच्याच माणसाचं. त्यातून जो रोज जमिनीखाली अलार्मच्या भरवशावर उतरतो, त्याला तो आवाज ऐकून पुढे जाता येत नाही."

सुश्रुत खाली बघत होता.

"आता फोन. डोंगरात रेंज नाही, म्हणून तुम्ही कायम वायफायवरून बोलता. शनिवारी साधा फोन आला, आवाज स्वच्छ. म्हणजे तुम्ही डोंगरात नव्हता. तुम्ही तिला विचारलंत, काय करतेस. ती म्हणाली, घरीच आहे." देवयानीचा आवाज खाली आला. "तेव्हा तुम्ही या घरात उभे होतात. बाथरूममध्ये, बहुतेक."

 सुश्रुतनं जाकिटाच्या आतल्या खिशातून मंगळसूत्र काढून टेबलावर ठेवलं. नीनानं ते उचललं नाही.

"आधी बॅटरी घातली," तो म्हणाला. "वाटलं, तू येशील आणि म्हणशील, आवाज कसा बंद झाला? मग हात धुवायला गेलो."

"तू मला सांगायचं होतंस, मी घरात आहे म्हणून."

"हो. पण तू घरीच आहे म्हणालीस, आणि मला पुढे बोलता येईना. स्टेशनजवळच्या हॉटेलात राहिलो सगळा आठवडा."

"पण तू आलास कशाला? शिफ्ट संपली नव्हती."

सुश्रुतनं बहिणीकडे पाहिलं. आशाताई उठल्या आणि चपला घालून निमूट निघून गेल्या. देवयानीनंही काकांना खूण केली, पण पॅसेजपर्यंत पोचेतो त्याचं बोलणं सुरू झालं होतं.

"कॅम्पवर मोराग नावाची एक जिऑलॉजिस्ट आहे. रात्री जेवणानंतर आम्ही गप्पा मारत बसायचो. काही झालं नाही, नीना. पण होईल असं वाटायला लागलं, आणि मला नकोही वाटेना. म्हणून शिफ्ट टाकून पळालो. तुला हेच सांगायला आलो होतो."

 काका कोट चढवता चढवता थांबले.

"तिला माहीत आहे तू का पळालास?" नीनानं विचारलं.

"नाही. माहीत असलेली पहिली तूच."

काकांनी गाडी गावाबाहेर काढली. मग म्हणाले, "नीनाला एकटीला गाठून सांगता आलं असतं. सगळ्यांसमोर कशाला?"

"मग तिला एकटीला कळलं असतं, काका. त्या घरात आधीच दोघांना एकेकट्यानं बरंच काही माहीत होतं."

नीनाचा फोन पुढच्या आठवड्यातल्या रविवारी आला. देवयानीनं तो स्पीकरवर टाकला. मागे वारा घोंगावत होता, शब्द मधेच तुटत होते. ती कॅम्पखालच्या गावात होती. एका म्हातारीच्या घरातली वरची खोली त्यांनी भाड्यानं घेतली होती. लॅपटॉपचं काम तिथून होईल की नाही, तिला माहीत नव्हतं. मोरागला ती भेटली होती. भेट सोपी नव्हती, एवढंच ती म्हणाली.

"सुश्रुत काय म्हणतो?" काकांनी विचारलं.

"निघताना म्हणाला, तिथे काहीच नाही, नीना. ना दुकान, ना माणसं."

"मग तू?"

"मी म्हटलं, इथे तरी काय आहे? आणि बॅग त्याच्या हातात दिली."