काचेवरची वाफ

मद्रासच्या उन्हाळ्यात अप्पा लेकीचा डबा घेऊन प्रयोगशाळेत यायचे, ते खरं तर थंड हवा खायला. विद्युलता त्यांना तसं चिडवायचीही. शहराबाहेरच्या आवडी गावातल्या कारखान्यातून निवृत्त झालेला, दम्यानं जेरीस आलेला माणूस. बायको गेल्यापासून त्यांना लेकीशिवाय कुणी नव्हतं आणि लेकीला त्यांच्याशिवाय.

तिचं काम भारी नाजूक. ट्रेमधल्या पाण्यावर पॉलिमरचा थेंब सोडायचा. त्याच्या रेणूंची एक बाजू पाण्याला बिलगते, दुसरी पाण्याचा विटाळ मानते. मग सगळे आपसूक रांगेत उभे राहतात आणि एका रेणूएवढी पातळ साय धरते. ती साय काचपट्टीवर अलगद उचलायची. त्याआधी काच निर्मळ हवी, म्हणून तिच्यावर तोंडानं वाफ सोडून बघायची. वाफ एकसारखी धरून झटकन उडाली की काच स्वच्छ. साय चढलेल्या काचेवर मात्र कधी फुंकायचं नाही.

त्या दुपारी तिला लहर आली. म्हणाली, अप्पा, आज तुम्ही फुंका. एकेरी साय डोळ्यांना दिसत नाही. आपला हात कोऱ्या काचा सोडून साय चढलेल्या काचांच्या स्टँडकडे गेला, हे बयेला नंतर उमगलं.

अप्पांनी होता नव्हता तेवढा दम लावला. काचेवर रुपयाएवढा ढग धरला. तो उडाला नाही.

दुसऱ्या दिवशीही होता. पलीकडच्या टेबलावरच्या राजगोपालनं तेलकट डाग म्हणून हसण्यावारी नेलं, धुऊन टाक म्हणाला. तिनं काच क्लोरोफॉर्ममध्ये धरली. कड जेमतेम बुडाली, तोच फोन वाजला. शेजारच्या राजसबाई रडत सांगत होत्या, अप्पा पूजेवरच कोसळले, श्वास घेता येईना. विद्युलतेनं घाबरून काच बाहेर ओढली. तशी फोनवर राजसबाई म्हणाल्या, थांब गे, आला श्वास.

योगायोग, ती स्वतःला म्हणाली. शिकलेली बाई, दुसरं काय म्हणणार?

पण ढगाची कड रोज आत सरकत होती. ही साय हवेनं झिजते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक! ढग आक्रसला की घरी अप्पांचं बोलणं तुटक व्हायचं, जिन्यात ते बसून घ्यायचे. डॉक्टरांनी छातीला तपासायची नळी लावली आणि खूश झाले. घरघर पार गेली, म्हणाले, आत अगदी शांत आहे.

हवाच काढून टाकली तर झीज थांबेल, असं तिला वाटलं. तिनं काच घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून आत नायट्रोजन सोडला. डबा घेऊन आलेले अप्पा समोरच्या खुर्चीत बसले होते. त्यांचा हात गळ्याशी गेला.

"विद्ये, खिडकी उघड गे. हवाच नाही."

तिनं झाकण उघडलं. अप्पांनी भरभरून श्वास घेतला.

हवा दिली तर साय जाते, काढली तर अप्पा. इकडे आड, तिकडे विहीर. ती वजनकाट्याच्या खोलीत जाऊन पोटभर रडली. राजगोपालला सगळं सांगितलं, तर तो बिचारा म्हणाला, थोडी रजा घे.

मग तिनं ढगाशेजारी स्वतः फुंकून पाहिलं. माझा घ्या, पण त्यांचा राहू द्या, असं पुटपुटत पुन्हा फुंकलं. तिची वाफ दर वेळी झटकन उडून गेली.

ती लवकर घरी आली. अप्पा अंगणाकडच्या दारात पेपर घेऊन बसले होते. सावकाश हसले. मग चष्मा काढून त्यांनी तोंडाजवळ धरला आणि हाऽ केलं.

काच कोरडीच राहिली.

त्यांनी दुसऱ्या काचेवर हाऽ केलं. दोन्ही काचा धोतराच्या सोग्यानं नीट पुसल्या, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पेपरचं पान उलटलं.