यॉन्डर म्हणजे कुठे

त्या सकाळी ती बाबांची नखं कापत होती आणि बाबा 'यॉन्डर' या शब्दापाशी अडून बसले होते. जन्मभर इंग्रजी-मराठी शब्दकोशाचं काम केलेला माणूस. नजर गेली तरी खोड गेली नव्हती.

"'पलीकडे' लिहा की," ती म्हणाली.

"पलीकडे काय, भिंतीआडचंही असतं. हा शब्द जुना आहे, मानी आहे. लांबचं, पण नजरेच्या टप्प्यातलं. 'तिथे' डोळे मिटूनही म्हणता येतं. हा म्हणायला हात उचलावा लागतो."

"हात हलवू नका, बोट कापेल."

"आणि ऐकणाऱ्यालाही ते दिसावं लागतं. नाहीतर शब्द अर्धाच राहतो."

त्यांनी हात सोडवून घेतलाच. लहानपणी दारात चेमटलेल्या तर्जनीचं टोक तिरकं, चपटं होतं. ते त्यांनी खिडकीच्या काचेवर टेकवलं. खाली नदी, नदीपलीकडे बंद पडलेला विटांचा कारखाना आणि त्याची लांबच लांब भिंत.

"ते बघ. भिंतीपाशी कुणीतरी बसलंय. यॉन्डर."

ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. बाबांचे डोळेही तिनेच तपासले होते. हातभर अंतरावरची बोटं त्यांना मोजता येत नव्हती. भिंतीपाशी बसलेलं ते कुणीतरी मात्र त्यांना अलीकडे रोज दिसत होतं.

"बाबा, तिथे कुणी नाही."

"तुझं सगळं जग सहा मीटरांत आटोपतं. अक्षरांचा तक्ता संपला की तू संपलीस."

"न दिसता 'दिसलं' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला चुकीचा नंबर लागतो."

बाबा मनापासून हसले. "मग नको म्हणूस. दिसेल तेव्हाच म्हण. मला कुठे घाई आहे?"

दुपारी ती जेवायला घरी आली तेव्हा बाबा खुर्चीतच होते. मान खिडकीकडे वळलेली. चहावर साय धरली होती. डाव्या हाताची नखं कापायची राहून गेली होती.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. जाताना आत्या म्हणाली, "पोरी, एकदाची खोली आवरून टाक. रिकामी खुर्ची फार खुपते गं डोळ्यांत."

तिने खिडकीपासून सुरुवात केली. धूळ गेली, डाग गेले. एक ठसा राहिला. तिरका, चपटा. तिने ओलं फडकं फिरवलं, मग दुकानातलं भिंगं पुसायचं औषध लावलं. ठसा हलेना. नख फिरवून बघितलं, तर काच गुळगुळीत लागली.

ठसा बाहेरच्या बाजूला होता.

तिसरा मजला. काच चौकटीत पक्की बसवलेली. खाली सरळसोट भिंत. ना सज्जा, ना कबुतराला पाय टेकायला जागा. कुणी रंगारी चढला असेल, असं तिने मनाशी म्हणून बघितलं. पण आदल्या रात्रीच्या पावसाने काच बाहेरून लख्ख धुऊन काढली होती.

नीट बघावं म्हणून ती बाबांच्या खुर्चीत बसली. ठसा बरोबर तिच्या डोळ्यांसमोर आला. त्याच्या रेषेत, नदीपलीकडे, ती लांब भिंत.

भिंतीपाशी कुणीतरी बसलं होतं.

गिऱ्हाइकाला सांगावं तसं तिने स्वतःला सांगितलं आणि उजवा डोळा झाकला. मग डावा. मग चष्मा काढला. नदी पुसट झाली, भिंत विरघळून गेली.

बसलेली आकृती तशीच राहिली. रेखीव.

एक नव्हे, दोन.

दुसऱ्या आकृतीने हात उचलला, थेट या खिडकीकडे, आणि शेजारच्याला काही दाखवावं तशी मान वळवली.

हात खाली येईना. कसलीच घाई नसल्यासारखा.

तिने चष्मा मांडीवर ठेवला.

"दिसलं, बाबा," ती मोठ्याने म्हणाली.