पेटवेची तबकडी आणि पिवळी चकती

तबकडीवर अर्नेटाचा हात आधी पडला, यात वाद नाही. पण त्यावर वेंडेलचा हात पडला आणि तो तिथेच राहिला, हेही तितकंच खरं.

त्या दिवशी फिलाडेल्फियातल्या त्यांच्या कोपऱ्यावरच्या खाणावळीत नाणं टाकलं की गाणं वाजवणाऱ्या ज्यूकबॉक्समधल्या झिजलेल्या तबकड्या बदलायला त्याचा माणूस आला होता. काढलेल्या तबकड्या ज्याला हव्या त्याने न्याव्यात. जुनिअस पेटवेच्या सॅक्सोफोनची तबकडी टेबलावर आली मात्र, ताटातला तळलेला मासा तसाच टाकून दोघं दोन बाजूंनी धावली.

"हात काढता का?" अर्नेटा म्हणाली.

"न्या तुम्ही, मिस अर्नेटा. कशी वाजते तेवढं सांगा."

आपलं नाव याला कसं ठाऊक, हे तिने विचारलं नाही. हा वेंडेल क्लबात सॅक्सोफोन वाजवतो, हे तिलाही ठाऊक होतंच की!

इतक्या सहज का सोडली, ते घरी गेल्यावर कळलं. ज्यूकबॉक्सच्या तबकडीला मधोमध हे एवढं भोक आणि हिच्या रेकॉर्ड प्लेअरची खुंटी पेन्सिलीएवढी. भोकात बसवायला प्लास्टिकची चकती लागते, ती हिच्याकडे कुठली? दुसऱ्या दिवशी ती पार्लरमध्ये बायकांचे केस करून बाहेर पडते, तर हा पठ्ठ्या दारात, पिवळी चकती बोटांत नाचवत उभा!

चकती देईन, पण ती जाईल तिथे मीही येणार, अशी त्याची अट. अर्नेटाने नाक मुरडलं, आणि त्याला घराच्या पायऱ्यांपर्यंत येऊ दिलं. आत नाही, आत आत्या होती. रेकॉर्ड प्लेअर खिडकीत ठेवला. ती वरच्या पायरीवर बसली, तो खालच्या.

आणि पेटवे वाजवू लागला… स्वर आता येईल, आता येईल म्हणावं, तर हा गडी थांबायचा. श्वास घ्यायचा — तो श्वाससुद्धा ऐकू यायचा — आणि ऐकणाऱ्याचा जीव पुरता टांगणीला लागला, की अलगद त्या स्वरावर येऊन टेकायचा. अर्नेटा डोळे मिटून ऐकत होती. वेंडेल तिच्याकडे बघत ऐकत होता.

"पुन्हा उशिरा आला," तो हळूच म्हणाला.

"येतो ना पण," ती डोळे न उघडता म्हणाली. "म्हणून तर आवडतो मला."

उन्हाळाभर हेच चाललं. ऐकून झालं की चकती खिशात घालून तो निघायचा. इथेच ठेव ना, असं ती म्हणायची, आणि मग उद्या यायला निमित्त काय, असं तो विचारायचा. पायरी मी घासते ती त्या पोराला बसायला नाही, असं आत्या आतून ऐकवायची, आणि मग त्याच्यासाठी थंडगार लिंबूपाणी पाठवायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

पानं पिवळी पडायला लागली आणि वेंडेलला एका फिरत्या बँडचं बोलावणं आलं. वसंतापर्यंत गावोगावी दौरा. गल्लीतली किती पोरं अशी वाजवायला गेली, कुणी शिकागोत रमलं, कुणाचं नुसतं एक कार्ड आलं. अर्नेटाने ठरवून टाकलं. रडायचं नाही, थांब म्हणायचं नाही… पण याला सोडायचंही नाही.

बस सुटायला आली तेव्हा तिने हात पुढे केला. "चकती दे."

त्याने निमूटपणे ती तिच्या तळहातावर ठेवली. तिने मूठ मिटली आणि दुसऱ्या हाताने तबकडी त्याच्यापुढे धरली.

"ही घेऊन जा."

"आणि चकतीशिवाय वाजवू कशी?"

"नाहीच वाजायची. ऐकायची असेल तर इथे यायचं. त्याच पायरीवर."

वेंडेल हसला. "अगं, ही चकती कुठल्याही दुकानात मिळते."

"पहिल्या दिवसापासून माहीत आहे मला. आमच्या पार्लरशेजारच्या दुकानात बरणीभर ठेवल्या आहेत."

"मग… घेतली का नाहीस?"

"तू आवडतोस म्हणून," अर्नेटा म्हणाली. "आता आणखी कसं सांगू?"

मग त्याने तबकडी सॅक्सोफोनच्या पेटीत, मखमलीखाली जपून ठेवली.

"मलाही तू… अर्नेटा, वसंतात येतो मी. उशीर झाला तर—"

"होऊ दे. पेटवेला होतो तेवढाच. पण दुसरी चकती विकत घेतलीस, तर बघ."

बस हलली. पुढच्या वळणापर्यंत तो खिडकीतून दोन्ही रिकामे खिसे उलटे करून दाखवत होता. बघणारी माणसं हसत होती, अर्नेटाही हसली. तिची मूठ मात्र घराची पायरी येईपर्यंत उघडली नाही.