पाळण्यात घातलेलं नाव

मी दारूला शिवत नाही. भुताखेतांवर माझा विश्वासही नव्हता. ज्याला हे खोटं वाटेल त्यानं खुशाल कळंबला यावं, माझ्या घरी चहा प्यावा आणि माझ्या पोरीला नावानं हाक मारून बघावी.

ती वळणार नाही.

साल १९९८. डिसेंबर महिना.

मी अमृत. भजनी मंडळात पेटी वाजवायचो. चाल लावण्यात पंचक्रोशीत माझा हात धरणारा कोणी नाही, असा तेव्हा माझा तोरा होता. जुन्नरच्या एका छोट्या चर्चचे पाळक, हौशीराम, ओळखीचे होते. एके दिवशी ते घरी आले आणि एक कागद पुढे ठेवला.

"अमृतराव, नाताळला आमच्या बायका हे गाणार हायेत. चाल तेवढी तुमी लावून द्या."

सव्वाशे वर्षांपूर्वी तिथे राहिलेल्या एका इंग्रज मडमेची कविता होती ती. पाळकसाहेबांनी स्वतःच मराठीत आणलेली. मडमेची तान्ही मुलगी नाताळच्या आदल्या दिवशी गेली होती. दोघींच्या कबरी चर्चच्या मागेच आहेत.

शेवटच्या ओळी मला अजून पाठ आहेत. विसरायचं म्हटलं तरी...

बर्फ पडे ज्या गावी, तिथे लावीन मी दिवा,
पाळणा हा रिकामा गं, कुणीतरी हवा.

माझ्या बायकोला, स्नेहलला, तेव्हा नववा लागला होता. पहिलं बाळंतपण. माझी आई सरूबाई कविता ऐकून चवताळलीच.

"आरं, रिकामा पाळणा नुसता हलवूबी न्हाई, आन् तू गाया निघालास! सून दिवसांत हाय, काय भान?"

"आये, कविता हाय ती. पाळणा न्हाई."

पण चाल मी पाळण्याचीच लावली. आईनं मला निजवताना म्हटलेली. शब्दांना तीच चपखल बसत होती, त्याला मी काय करू?

फक्त शेवटी एक शब्द कमी पडायचा. पाळण्यात तिथे बाळाचं नाव येतं. चाल बांधताना जागा रिकामी राहिली की आम्ही सुचेल ते भरतो.

मी "सिद्धी" भरलं.

मुलगी झाली तर हेच नाव, असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. आठ दिवस मी दार लावून, हळू आवाजात तेच गायलो. चर्चला कागद देताना मात्र ते नाव खोडलं आणि "बाळा" लिहिलं.

१३ डिसेंबर, रविवार. उपासनेनंतर दुपारी तालीम झाली. पाच बायका. झकास गायल्या. मी टेपवर भरून घेतलं आणि घरी येऊन कॅसेट लावली.

पाच आवाज...

आणि त्यांच्या मागून सहावा.

बारीक. जरासा मागे पडणारा. नवीन माणूस गाणं शिकतं तसा.

शेवटची ओळ आली. पाच जणी म्हणाल्या, "बाळा".

सहावी म्हणाली... "सिद्धी".

स्नेहल कणीक मळत होती. तिचे हात परातीतच थांबले.

"अहो... तुमी कुणाला सांगितलं व्हतं का?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं जुन्नर गाठलं. पाळकसाहेबांनी कॅसेट एकदाच ऐकली. गाणं रद्द केलं, कागद चुलीत घातला, माझ्या होणाऱ्या लेकरासाठी डोळे मिटून प्रार्थना केली.

"आता संपलं ना, साहेब?"

"आपल्या हातात एवढंच हाय, भाऊ."

२४ डिसेंबर, गुरुवार, दुपारचे चार. मंचरच्या एका दवाखान्यात स्नेहलला आत नेलं. मी बाहेर बाकावर बसलो होतो. तिचं ओरडणं एकदम थांबलं.

मग कुणीतरी गुणगुणू लागलं...

माझीच चाल.

आता ती मागे पडत नव्हती. पाठ झाली होती तिला.

आणि पोरगी रडली.

नर्स बाहेर आली तशी मी विचारलं, "आत कोण गात व्हतं?"

"गायला टाइम हाय का आमाला? मुलगी झाली, पेढे आणा!"

पोरगी धडधाकट होती. माझा जीव भांड्यात पडला. ते नाव आम्ही सोडून दिलं. बारशाला माझ्या बहिणीनं, झुंबरबाईनं, कानात कुर्र करून "डिंपल" सांगितलं. पोरीनं आत्याकडे बघितलंसुद्धा नाही. पाळण्याच्या पलीकडे कोणीच उभं नव्हतं.

ती तिकडे बघून हसत होती.

डिंपल म्हणून कितीही बोंबला, ती वळत नाही. कान तीनदा तपासले, ठणठणीत आहेत. पण एखाद्या दुपारी घरात सगळं शांत असताना ती मान वर करते आणि म्हणते...

"आले."

अंगारे झाले, नवस झाले. पाळकसाहेब दोनदा येऊन गेले. मडमेच्या कबरीवर डोकं ठेवून मी लहान पोरासारखा रडलो. म्हटलं, बाई, चुकलं माझं, मला ने. काही उपयोग झाला नाही.

मागच्या आठवड्यात धीर करून पोरीला विचारलं.

"कोण हाक मारतं गं तुला?"

"ती बाई."

"काय म्हणती?"

"सिद्धी म्हणती." तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "पप्पा, ती म्हणती तुमीच मला तिला दिलंय. पाळण्यात नाव घालून. खरंय का?"

नाव मीच घातलं होतं.

पेटी विकून टाकली. आज २२ डिसेंबर २००६. परवा पोरगी आठ वर्षांची होईल.

आज सकाळी तिनं ट्रंकेतून जुना स्वेटर काढला आणि स्नेहलच्या मांडीवर ठेवला.

"मम्मी, याची बटनं लावून दे. तिकडं बर्फ पडतो."

आम्ही तिला बर्फाचं कधीच काही सांगितलं नव्हतं.

स्नेहल रडत रडत बटणं लावतेय. मी तिला लावू नको म्हणालो नाही. पोरीला थंडी वाजली तर?