ग्राहकाचे दार बंद होते

आमच्या धंद्यात पार्सल पोचवण्यापेक्षा ते का पोचलं नाही हे पटवून देणं जास्त अवघड असतं. ग्राहक घरी नसला तर ॲपमध्ये "दार बंद" हा पर्याय दाबायचा आणि पुरावा म्हणून बंद दाराचा फोटो जोडायचा. तीन वेळा दार बंद लागलं की पार्सल विकणाऱ्याकडे परत. नियम चांगला आहे. करणाऱ्याने विचार करूनच केला असणार, फक्त तो कधी पाठीवर पोतं घेऊन चार मजले चढला नसावा.

त्या नियमात एक पळवाट होती. फोटो जागेवरच काढायला हवा असं ॲप म्हणायचं, पण गॅलरीतला जुना फोटोही मुकाट्याने घ्यायचं. तुम्ही इमारतीच्या खाली उभे असलात तरी नकाशात पत्ता बरोबर दिसायचा. मग वर जायचं कशाला?

माझ्याकडे असा एक फोटो होता. आमच्याच घराच्या दाराचा. तपकिरी रंग, खाली उजवीकडे ओरखडा, मधोमध पाटी निखळून पडल्याने उरलेली स्क्रूची दोन भोकं. नाव नाही, नंबर नाही. कोणाचंही दार म्हणून खपेल असं दार. बायको माहेरी गेली होती त्या दिवशी काढला होता आणि अकरा महिने वापरत होतो. गोदामातले बाकीचे गडीही मागून घ्यायचे. "अरे, तुझं दार पाठव की," असं म्हणायचे आणि आम्ही हसायचो. मला दारवाला म्हणायचे. मला त्या नावाचा अभिमान वाटायचा, हे आज सांगताना जीभ जड होते.

तर सोमवारी माझ्या पोत्यात एक छोटा खोका आला. कानाचं यंत्र. लिफ्ट नसलेली इमारत, चौथा मजला. विकणारा कोणी लहानसा दुकानदार असावा, कारण खोक्यावर त्याने हाताने चिठ्ठी चिकटवली होती: "आजोबा, वापरण्याआधी बॅटरीवरची पिवळी पट्टी काढा, मगच यंत्र सुरू होईल." उन्हाने डोकं तापलं होतं. खाली उभ्या उभ्या मी फोन लावला. उचलला नाही. बहिऱ्या माणसाला फोन ऐकू येणार कसा, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही असं नाही. आला होता. मी "दार बंद" दाबलं, दार जोडलं आणि पुढे निघालो.

मंगळवारी तेच. बुधवारी तेच. बुधवारी तर स्कूटरवरून उतरलोही नाही.

शनिवारी सकाळी तक्रारीच्या टेबलावरच्या मॅडमनी बोलावलं. बाई शांत स्वभावाच्या. आवाज चढवत नाहीत, म्हणून त्यांची जास्त भीती वाटते. संगणकाचा पडदा त्यांनी माझ्याकडे वळवला.

"या ग्राहकाच्या घरून दुकानदाराला फोन गेलाय. फोटोतलं दार आमचं नाही, असं म्हणतायत."

"मॅडम, दारं काय, सगळी सारखीच दिसतात."

"तो प्रश्न नंतर." त्यांनी चष्मा वर केला. "मला आधी हे सांगा, ते दारातच बसलेत, तर त्यांच्या हातात पार्सल का दिलं नाहीत?"

मला वाटलं, बाई दुसऱ्याच कोणाचा फोटो बघतायत. मी वाकून पाहिलं.

सोमवारचा फोटो माझाच होता, रोजचा. मंगळवारच्या फोटोत दारासमोर एक खुर्ची होती. वेताची, डाव्या हातावर निळं फडकं गुंडाळलेली. आणि बुधवारच्या फोटोत त्या खुर्चीवर एक म्हातारा बसला होता. दाराकडे पाठ, दोन्ही हात गुडघ्यांवर, मान किंचित पुढे. कोणाची तरी वाट बघताना माणूस बसतो तसा. मागे तोच ओरखडा, तीच स्क्रूची भोकं.

आमच्या दारासमोर खुर्ची कधीच नव्हती. आमच्याकडे वेताची खुर्चीच नाही.

"काय झालं?" मॅडम म्हणाल्या.

"काही नाही."

"पार्सल परतीच्या फळीवर आहे. स्वतः घेऊन जा, हातात द्या आणि माफी मागा. सही आली नाही तर सोमवारी यायची गरज नाही."

बाहेर येऊन मी फोनमधली गॅलरी उघडली. तिथेही म्हातारा बसलेला होता. मी सरळ विचार करणारा माणूस आहे. म्हटलं, कोणीतरी चेष्टा केली असणार. एका गड्याला पकडून त्याच्या फोनमधलं माझं दार बघितलं. तिथे नुसतं दार होतं. खुर्ची नाही, माणूस नाही. आणखी दोघांचे फोन बघितले. नुसतं दार.

"काय रे, दाराला नजर लागली का?" एक जण म्हणाला. बाकीचे हसले. खाई त्याला खवखवे, मला हसू आलं नाही.

त्या दिवशी पहिल्यांदा मी ते चार मजले चढलो. मोजून बहात्तर पायऱ्या. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यामधल्या वळणावर फरशी नुकतीच धुतल्यासारखी होती, तेवढाच भाग बाकीच्या जिन्यापेक्षा स्वच्छ. मी का कोण जाणे, तो भाग टाळून कडेने गेलो.

वरचं दार हिरवं होतं आणि सताड उघडं होतं. उंबऱ्याच्या आत, अगदी दारात, वेताची खुर्ची ठेवलेली. डाव्या हातावर निळं फडकं. खुर्ची रिकामी होती.

आतून एक बाई आल्या. चाळिशीच्या असतील. डोळे सुजलेले. माझ्या हातातला खोका बघून त्या जागच्या जागी थांबल्या.

"आलं का शेवटी," त्या म्हणाल्या.

"आजोबा आहेत का, ताई? सही हवी होती."

"सासरे होते माझे. गुरुवारी गेले."

मी नुसता खोका पुढे केला. त्याच बोलत राहिल्या, शांतपणे. ज्याला सांगायचं तो माणूस सापडत नाही म्हणून समोर येईल त्याला सांगावं, तसं.

"सोमवारी मेसेज आला, आज पार्सल येणार. त्यांना बेल ऐकू यायची नाही. म्हणून दार उघडं टाकून खुर्ची घेऊन दारातच बसले. जेवलेसुद्धा तिथेच. संध्याकाळी दुसरा मेसेज, आम्ही आलो होतो, दार बंद होतं. मला म्हणतात, सूनबाई, माझा डोळा लागला असेल गं. माझीच चूक. मंगळवारी डुलकी लागू नये म्हणून दिवसभर पाठ टेकली नाही. तरी तोच मेसेज. बुधवारीही तोच."

खाली कोणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. मी जमिनीकडे बघत होतो.

"मी म्हटलं, बाबा, हे लोक येतच नाहीत, खोटं बोलतात. तर माझ्यावरच रागावले. माणसावर असा आळ घेऊ नये म्हणाले. मग गुरुवारी सकाळी मेसेजमधला फोटो भिंगातून बघत बसले आणि एकदम खूश झाले. हे आपलं दारच नाही, म्हणाले. बिचारा रोज चुकीच्या दारात जातोय, चार मजले चढून. त्याचा काय दोष? मी हे दार शोधून काढतो आणि तिथेच जाऊन बसतो, म्हणजे गाठ पडेल." त्यांनी पदराने नाक पुसलं. "मी आंघोळीला गेले होते. तेवढ्यात निघाले. वळणावर पाय घसरला."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. एरवी आपण ते उगाचच म्हणतो.

"तुम्हीच का ते? तीन दिवस येत होतात?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. म्हणजे मला खरं बोलता आलं असतं. फार तर शिव्या दिल्या असत्या, थोबाडीत मारली असती, नोकरी गेली असती. हे सगळं मला तेव्हाही दिसत होतं.

"नाही ताई," मी म्हणालो. "तो दुसरा होता. सोडून गेला काम."

रिकाम्या खुर्चीतला वेत हलकेच करकरला. लाकूड, वेत हवेने करकरतात, हे मलाही ठाऊक आहे.

"भेटला तर सांगा त्याला," त्या म्हणाल्या, "बाबांच्या मनात काही नव्हतं." मग खोका माझ्याकडे परत सरकवला. "आता हे कोणाच्या कानाला लावू? घेऊन जा. पाणी पिणार? चढून आलात."

मी ते पाणी प्यायलो. नाही म्हणायचीही लाज वाटली.

सही नव्हती, त्यामुळे गोदामात गेलोच नाही. घरी पोचलो तेव्हा साडेपाच वाजले होते, पॅसेजमध्ये अजून ऊन होतं. आमच्या दारासमोर काही नव्हतं. मी दोनदा बघितलं. आत आलो, पोतं दाराशी ठेवलं, कडी लावली.

"अहो, आज लवकर?" बायको स्वयंपाकघरातून डोकावून म्हणाली. "आणि पोत्यात वर ते पार्सल कसलं दिसतंय?"

"परतीचं आहे. म्हातारा गेला, म्हणून घेतलं नाही."

"अरे देवा. तुम्ही वेळेत पोचवलं नव्हतं का?"

"तीनदा गेलो होतो," मी म्हणालो. "दार बंद होतं."

हे मी ठरवून बोललो नाही. अकरा महिन्यांची सवय, तोंडातून आपोआप आलं. माझ्याच घरात, माझ्याच बायकोशी.

तेवढ्यात बाहेर फरशीवरून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. आवाज दारापाशी येऊन थांबला.

मी फोन काढला. गॅलरीतला फोटो उघडला. दारासमोर खुर्ची होती. खुर्चीत कोणी नव्हतं.

कडी काढून दार उघडलं. पॅसेज रिकामा. ऊन तेवढं थोडं वर सरकलं होतं.

दार लावलं. मग पोत्याकडे लक्ष गेलं. खोका उघडा होता. चिकटपट्टी नीट सोलून काढलेली, म्हातारी माणसं काढतात तशी, कुठेही न फाडता. आत पांढऱ्या स्पंजमध्ये कानाच्या आकाराचा खड्डा होता. यंत्र नव्हतं.

उंबऱ्याजवळ काहीतरी पिवळं दिसलं. मी वाकून उचललं.

बॅटरीवरची पट्टी.

"कोण होतं हो?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

मी दारापासून दोन पावलं मागे सरकलो आणि स्वतःलाही ऐकू येणार नाही इतक्या हळू म्हणालो, "कोणी नाही."

दारापलीकडे वेत करकरला. नीट ऐकण्यासाठी कोणीतरी पुढे वाकलं होतं.