डावीकडून सहावी

शिडीच्या चौथ्या पायरीवर उभी राहून तिने दिवा वळवला. उजेड भिंतीवरच्या फोटोवर पडला आणि तिच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर सुटून खाली शिडी धरून उभ्या असलेल्या माणसाच्या खांद्यावर आदळला.

अशा वेळी लागलं का म्हणून विचारायची रीत असते. तिने विचारलं, "हे कोणी लिहिलंय?"

ती इलेक्ट्रिशियन होती. इतिहास मंडळाच्या प्रदर्शनाचे दिवे बदलायला आली होती. समोरचा फोटो एका जुन्या छापखान्यातल्या सहा माणसांचा होता. खालच्या कार्डावर पाच पुरुषांची नावं होती, हुद्द्यांसकट. मालकाचा मेव्हणा तर नुसता फोटोपुरता येऊन उभा राहिला होता, त्याचंही नाव होतं. शेवटी लिहिलं होतं: 'डावीकडून सहावी : अनोळखी स्त्री'.

ती अनोळखी स्त्री म्हणजे तिची सख्खी आत्या. आई गेल्यावर जिने तिला वाढवलं, ती.

"मी लिहिलंय," तो खांदा चोळत म्हणाला. मंडळाचे जुने फोटो आणि कागद सांभाळायचं काम त्याच्याकडे होतं. "का… तुम्ही ओळखता यांना?"

"सकाळी तिच्यासोबत चहा प्यायलेय."

त्याचे डोळे असे काही लकाकले की तिचा राग आणखीच वाढला. त्याने उत्साहाने सांगितलं की दर शनिवारी दुपारी मंडळ सगळ्यांसाठी खुलं असतं, लोक येतात, बिननावाचे फोटो बघतात आणि ओळख पटवतात. फक्त एक फॉर्म भरायचा. एक लेखी पुरावा हवा आणि एक नात्याबाहेरचा साक्षीदार. पूर्वी फोटोतल्या एकाच मिशीवाल्यावर तीन घराण्यांनी हक्क सांगितला होता, तेव्हापासून हा नियम आला.

"म्हणजे मी तिला ओळखते म्हणून माझं चालत नाही?"

"नियमाप्रमाणे… हो."

"आणि आत्या स्वतः आली तर?"

त्याने खरंच विचार केला. "फोटोतलं माणूस हयात असेल… असं नियमात धरलेलंच नाही."

ती शिडीवरून उतरली. हा फोटो मंडळाच्या पुस्तकात जाणार होता आणि पुस्तक सोमवारी छपाईला. आत्याने एकतीस वर्षं अक्षरांचे खिळे जुळवून लोकांच्या लग्नांच्या, बारशांच्या, भाषणांच्या ओळी छापल्या. स्वतःचं नाव एकदाही छापून आलं नाही. आता वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी छापून येणार, ते अनोळखी म्हणून. हे सगळं तिने त्याला तिथेच ऐकवलं, आवाज न आवरता.

तो ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, मंडळ लोकांच्या आठवणी घरी जाऊन रेकॉर्डही करतं. उद्या येऊ का?

तो आला. सलग तीन दुपारी आला. आत्या बोलायची आणि तो मध्ये न तोडता ऐकायचा, हाताला काळं लागलेल्या दिवसांपासून ते उकळतं शिसं उडून भुवईवर पडलेल्या खाचेपर्यंत. पहिल्या दिवशी भाचीने कपाळावर आठ्या घालून दार उघडलं. तिसऱ्या दिवशी दार उघडण्यापूर्वी केस नीट केले, आणि स्वतःचाच राग येऊन पुन्हा विस्कटले. त्याचं लक्ष गेलंच. तो नुसता हसला.

"विचारतो मला आणि बघतो तुझ्याकडे," आत्या त्याच्यादेखत म्हणाली. "रेकॉर्डिंगच्या मशीनमध्ये काय भरतोय कोण जाणे."

त्याच दुपारी बोलता बोलता आत्या म्हणाली की फोटोवाल्याने मागे सगळ्यांची नावं पेन्सिलने लिहिली होती. तिने आपलं नाव त्याला दोनदा सांगितलं होतं. हे ऐकून रेकॉर्ड करणाऱ्याचा चेहरा उतरला. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात त्याने तो फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवला होता.

"उलटून बघितला नाही?" भाचीने विचारलं.

"नाही."

"मग पुरुषांची नावं कुठून आली?"

"मालकांच्या नातवाने सांगितली."

"त्याचा फॉर्म भरून घेतला होता?"

तो खाली बघत म्हणाला, "अध्यक्षांच्या ओळखीचे होते ते."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. नातवाचं तोंडी चालतं, आणि जिने हात काळे केले तिच्यासाठी मात्र पुरावा! तिने दार उघडून धरलं. मागचं नाव वाचल्याशिवाय पुन्हा येऊ नका, एवढंच म्हणाली.

दोन दिवस त्याने ओला टीपकागद लावून इंच इंच फोटो सोडवला. परवानगी घेतली नव्हती. फोटो फाटला असता तर नोकरी गेली असती.

शनिवारी ती आत्याला घेऊन मंडळात गेली. त्याने फोटो उलटा करून पुढे ठेवला. सहावं नाव आत्याचं होतं, आडनावासकट, पुढे 'कंपोझिटर'. अध्यक्ष आधी त्याच्यावर डाफरले, मग चष्मा लावून त्यांनी पुरावा मान्य केला आणि साक्षीदार मागितला. छापखान्यातलं आता कोणीच उरलं नव्हतं. आत्या उठायला लागली. भाचीला ते बघवेना.

"मी साक्षीदार," तो म्हणाला. "तीन दुपारी समोर बसलोय. भुवईवरची खाच फोटोतही आहे आणि यांच्या चेहऱ्यावरही."

अध्यक्षांनी त्याच्याकडे रोखून बघितलं आणि ते शिक्का आणायला आत गेले. तो फॉर्म भरू लागला. 'सदर व्यक्तीशी नातं' या रकान्याशी त्याचं पेन थांबलं.

"इथे 'नाही' लिहायला…" तो हलक्या आवाजात म्हणाला, "मन तयार होत नाहीये."

हीच वेळ मिळाली याला!

"आत्याचं नाव अडकलंय तिथे. हे आत्ता बोलायचं?"

"आत्ताच बोलायला हवं. खोटं लिहिलं तर साक्षही खोटी ठरेल."

तिने आत्याकडे बघितलं. आत्या पुन्हा खुर्चीत बसून भिंगातून स्वतःचा तरुण चेहरा न्याहाळत होती. मग भाची टेबलावर वाकली, इतकी की तिचे केस फॉर्मवर आले.

"आज नातं नाहीये," ती म्हणाली. "खरंच नाहीये. आज खुशाल 'नाही' लिही. सोमवारी पुस्तक छपाईला गेलं की… घरी ये."

त्याने 'नाही' लिहिलं. अध्यक्षांनी ते वाचलं आणि शिक्का मारला. जुनं कार्ड निघालं.

"काय लिहिलंय गं त्याने?" आत्याने विचारलं.

"नातं नाही म्हणून लिहिलंय, आत्या."

"सोमवारपर्यंत ना?" भिंगातून डोळा न काढता आत्या म्हणाली.