कपाटातलं डोकं

इटालियन प्रहसन बसवायचं तर आधी मुखवटे हवेत. या जुन्या पद्धतीच्या नाटकात लिहिलेले संवाद नसतात. गोष्ट तेवढी ठरलेली, बाकी ज्याने त्याने तोंडाला येईल ते बोलायचं. त्यात एक कंजूष म्हातारा, त्याचा लबाड नोकर आणि फुशारक्या मारणारा एक शिपाई. नाट्यशाळेतल्या बाईंनी हे प्रहसन मुलांच्या परीक्षेसाठी घेतलं होतं.

मुखवटा कातड्याचा, नाकापर्यंतचा, ओठ उघडे. ज्याच्या त्याच्या चेहऱ्याचा प्लॅस्टरचा साचा घ्यायचा आणि त्यावर ओलं कातडं ताणून ठोकायचं, हा बाईंचा शिरस्ता. पण म्हाताऱ्याचं काम करणारा लंबू तोंडावर प्लॅस्टर पडलं की हातपाय झाडायला लागायचा. शेवटी वैतागून बाईंनी कपाटाच्या तळातून एक जुनं प्लॅस्टरचं डोकं काढलं. कुणाचं, कोण जाणे. अडला हरी म्हणत त्यांनी त्याच्यावरच कातडं ठोकलं.

तो मुखवटा लंबूला अगदी मापाने शिवल्यासारखा बसला. खरं तर तिथेच शंका यायला हवी होती.

पहिल्या तालमीत नोकर झाला होता बाईंचा भाचा. बहीण गेल्यापासून तो त्यांच्याकडेच वाढला होता, आणि बाईंना त्याच्याशिवाय आपलं म्हणावं असं कुणी नव्हतं. नोकराने थैली लांबवली, म्हातारा काठी घेऊन धावला, मुलं हसून लोळली. मध्येच म्हातारा थांबला. बाई प्रेक्षागृहाच्या अंधारात बसल्या होत्या, तिकडे त्याने मान वळवली.

"घुबडे," तो खरखरत म्हणाला, "अजून जागीच का गं?"

मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाई मात्र खुर्चीतून उठल्या. एका पांघरुणात झोपताना त्यांची थोरली बहीण त्यांना कानात असं म्हणायची. दुसऱ्या कुणाला ते ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

तालीम संपल्यावर त्यांनी लंबूला गाठलं. "हे तुला कुणी शिकवलं?"

"काय बाई? मुखवटा चढला की मी काय बोलतो, मलाच कळत नाही."

"नाटकं करू नकोस."

"नाटकच तर करतोय, बाई."

बाईंनी मनात हिशेब जुळवला. घरचा भेदी, दुसरं काय! बहिणीने पोराला सांगितलं असणार, आणि पोराने बाहेर तमाशा केला. ज्याला तळहातावर जपलं त्यानेच हसं करावं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. सगळे गेल्यावर त्यांनी भाच्याला रंगपटात थांबवून घेतलं. खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं, खोलीभर ओल्या कातड्याचा वास होता.

"तूच सांगितलंस ना लंबूला?"

"शप्पथ, मावशी. मला माहीतच नव्हतं हे."

"मग काय मुखवटा बोलला?"

भाचा हळूच म्हणाला, "लंबूला भीती वाटते त्याची..."

"खोटं बोलायचं तर निदान पचेल असं बोल!" बाईंनी मुखवटा उचलला. "हा बघ, मीच घालते. याने तोंड उघडलं नाही, तर उद्यापासून तू नाटकात नाहीस. आणि माझ्या घरातही नाहीस."

बोलून गेल्या खऱ्या, पण पोराचे डोळे भरलेले पाहून त्यांना लगेच वाईट वाटलं. तरी हट्टाने त्यांनी दोरी बांधली. कातडं गार लागायला हवं होतं. ते कोमट होतं. लंबूच्या मापाचा तो मुखवटा त्यांनाही तंतोतंत बसला.

"बघ, काही नाही," असं त्या म्हणणार होत्या.

"कडी लावून झोपतोस ना रे, राजा?" ओठांतून खरखरत आलं ते हे.

भाचा भिंतीला टेकला. "मावशी... हे तुला कुणी सांगितलं?"

आता त्याच्या डोळ्यांत तीच शंका होती, जी इतका वेळ बाईंच्या डोळ्यांत होती.

"दवाखान्यात आई हेच माझ्या कानात म्हणाली होती," तो कसाबसा बोलला. "मावशीकडे राहा... पण रात्री आतून कडी लाव. का, ते नाही सांगितलं. मी कुणाला बोललो नाही, मावशी. कुणालाच नाही..."

पोरगा दार लावून झोपतो, वयात आलाय, एवढंच बाईंना वाटायचं. त्यांनी घाईघाईने मुखवटा ओढून काढला आणि टेबलावर पालथा टाकला. अरे, पण मी तुझं काय वाईट केलं, असं त्यांना विचारायचं होतं. रडू फुटत होतं. त्यांनी हात पुढे केला.

"आज कडी नको लावूस," त्या म्हणाल्या. आवाज अजून खरखरीतच होता.